परका पोलिस आणि घरचा कायदा



लढाई थांबली म्हणजे शांतता आली, असे आपण समजतो. पण ज्या पोलिसांनी लढाईत एका पक्षाची लाठी चालविली, त्यांच्याच चौकीवर दुसऱ्या पक्षाच्या माणसाने फिर्याद घेऊन जावे कसे? म्हणून संयुक्त राष्ट्रसंघ निरनिराळ्या देशांचे पोलिस अशा ठिकाणी धाडतो. गस्त घालावी आणि तेथले पोलिस दल नव्याने उभे करण्यास हात द्यावा, हे त्यांचे काम.

हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचाही आहे. १९४८ साली आपल्या पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य होते. तो मामला देशातला, पण पेच हाच. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. रझाकारांचा जुलूम संपला. जनरल चौधरींचा लष्करी अंमल बसला आणि शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणले गेले. परंतु त्याच दिवसांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगविला गेला. सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला आणि काही ठिकाणी गणवेशातली माणसेही त्यात सामील असल्याचे नोंदविले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. मग ज्याचे घर जळाले, त्याने नव्या चौकीवर तरी भरवसा कसा ठेवावा?

आता पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया पाहा. २००३ साली तेथली यादवी संपली. राष्ट्रसंघाने जुन्या पोलिसांची छाननी केली, नव्यांना शिकविले. जानेवारी २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या शंभरावर स्त्रिया तेथे गेल्या. केवळ स्त्रियांची अशी तुकडी राष्ट्रसंघाने प्रथमच नेमली होती. स्थानिक पोलिसांबरोबर त्या रात्रीची गस्त घालीत. २०१६ साली त्या परतल्या, तोवर तेथल्या सुरक्षा दलांतील स्त्रियांचे प्रमाण शेकडा ६ वरून १७ वर गेले होते. त्याच वर्षी ३० जूनला बंदोबस्ताचा सारा भार लायबेरियाने स्वतःकडे घेतला.

पाहुणा पोलिस काही वर्षांनी जातोच. मागे राहतो तो गावचा शिपाई. तोही पगारदार माणूस आहे. पगार थकला तर तो वाटसरूच्या खिशाकडे पाहणारच. त्याला वेळेवर पगार हवा, त्याच्यावरची तक्रार ऐकणारी वेगळी जागा हवी आणि मागच्या अन्यायाची उघड चौकशी हवी. तेव्हाच गरीब माणूस न घाबरता चौकीची पायरी चढेल.