कमरेला पंप, डोक्यावर ऊन!

मे महिन्यातलं अकोला काय चीज आहे, हे दुपारी दोनला गांधी रोडवर बाइक काढणाऱ्याला विचारा! पारा ४५च्या आसपास. त्यात कमरेला इन्सुलिन पंप असेल, तर टेन्शन डबल.

टाइप वन डायबेटिसवाल्यांना पंप ही मस्त सोय. दिवसभर थेंब-थेंब बेसल, जेवताना बटण दाबून बोलस. सेन्सरवाले नवे पंप बेसल स्वतःच कमी-जास्त करतात. पण ताटातला हिशेब? तो तुमचाच, बाप्पा!

शुगर चढली?

पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. नळी दुमडली किंवा कॅन्युला निघाली, की काही तासांतच शरीरातला साठा संपतो आणि किटोन्स वाढतात. म्हणून विनाकारण २५०च्या वर आकडा दिसला, की किटोन्स तपासा. ते दिसले किंवा करेक्शन देऊनही शुगर उतरेना, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेनने घ्या आणि सेट बदला. उलट्या, धाप लागली तर सरळ हॉस्पिटल गाठा. तापलेलं इन्सुलिनही दगा देतं, तेव्हा पंप किंवा पेन उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

शुगर उतरली?

उन्हात त्वचेखालचं इन्सुलिन लवकर शोषलं जातं. शिवाय घाम उन्हाचा की 'लो'चा, हेच कळत नाही! अंदाज नको, तपासा. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते.

रोडगे आणि कावड

तुपात बुडवलेले रोडगे आणि वांग्याची भाजी! इथेही तोच फॅटचा खेळ. सगळा बोलस एकदम दिला, तर आधी लो आणि तीन-चार तासांनी हाय. डोस विभागून देणारा बोलस कसा वापरायचा, ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला चालत निघालात, तर टेम्पररी बेसल आधीच कमी करायला हवा. लो चालताना येतो, तसाच घरी येऊन झोपल्यावरही येतो.

बॅगेत हे हवंच

ग्लुकोज, मीटर, किटोन स्ट्रिप्स, जादा सेट, बॅटरी आणि इन्सुलिन पेन. आणि शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला एक गोष्ट सांगून ठेवा: मी बेशुद्ध पडलो तर तोंडात काही घालू नकोस, १०८ला फोन लाव!