मंगळसूत्र हे कवच नव्हे

नारायणगाव, मंचरच्या बाजारातून भाजीचे ट्रक मुंबईकडे निघतात. जुन्नर-आंबेगावातले कितीतरी पुरुषही पोटासाठी त्याच वाटेनं गेले. मागं शेत, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळत राहिली ती घरची बाई.

एड्स म्हणजे बाहेरख्यालीपणाचा रोग, घरंदाज बाईला त्याचं काय भय, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात झालेल्या पाहणीनं हा समज खोटा ठरवला. तिथं आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी शेकडा १३.६ जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या. मोठा धोका होता तो जोडीदाराच्या गुप्तरोगाचा.

सणावाराला घरी आलेल्या नवऱ्याला ‘निरोध वापरा’ असं ती कोणत्या तोंडानं म्हणणार? म्हटलंच, तर संशय तिच्यावरच. तो गेला की दोषही तिच्याच माथी. दवाखान्यात जमीन गहाण पडलेली, आणि सासरचं दार बंद.

२००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली. २०१७ च्या कायद्यानं बाधित व्यक्तीला राहत्या घरातून काढायला मनाई केली. विधवेचा वारसाहक्क तर १९५६ पासूनचा आहे. पण हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला गेला, तर तो कागदावरच राहतो.

म्हणून गोळ्यांइतकंच हेही विचारायला हवं : सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का?