तीन मिनिटांची शिदोरी

वाद्यवृंदातील जागेसाठी निवड चाचणी देणाऱ्या फ्लूटवादकाच्या वाट्याला बहुधा काही मिनिटेच येतात. युरोप-अमेरिकेत पहिल्या फेरीत तो अनेकदा पडद्याआड बसून वाजवतो; परीक्षकांपर्यंत पोहोचतो तो केवळ स्वर. कॉन्चेर्टो संपून टाळ्या थांबेनाशा झाल्या, की प्रसंग निराळा. आपल्या संगीत नाटकांत 'वन्स मोअर'ला तेच पद पुन्हा गायिले जाई; तेथे मात्र वेगळी, छोटी रचना अपेक्षित असते. दोन्ही वेळी साथीविना वाजणारी एखादी रचना तयार असावी लागते.

क्लोद देब्युसी यांची 'सिरिंक्स' ही अशा रचनांतील मानाची. गाब्रिएल मूरे यांच्या 'प्सिशे' या नाटकासाठी १९१३ मध्ये ती लिहिली गेली आणि लुई फ्लरी यांनी ती रंगमंचाच्या आडून वाजवली. छापली गेली १९२७ मध्ये. तोवर संगीतकार आणि वादक दोघेही निवर्तले होते.

जेमतेम तीन मिनिटांच्या या रचनेत बोटांची कसरत फारशी नाही. ती फसवी आहे ती त्यामुळेच. आपल्या आलापीत ठेका नसला तरी तंबोरा असतो. येथे तोही नाही. पहिला 'बी फ्लॅट' थेट शांततेतून उमटतो. चाचणीच्या दालनाबाहेर ताटकळताना थंड पडलेले वाद्य किंचित उतरते, तर मैफलीअखेर वाद्य तापलेले पण ओठ थकलेले असतात. म्हणून आठवड्यातून एकदा वाद्य पेटीतून काढताच, स्वर न घोळवता, रचना सलग वाजवावी आणि एकदा रियाज आटोपल्यावर. चुकले तरी मागे फिरू नये. चाचणीत ती मुभा नसते.

रचना अंगवळणी पडली, की बोटे सहसा विसरत नाहीत. विस्कटते ते श्वासाचे गणित. घरी एका दमात निघणारा स्वरसमूह धडधडत्या छातीने अर्ध्यावर तुटतो. यासाठी नेहमीच्या श्वासस्थानांखेरीज अडचणीतल्या दोन-तीन जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात आणि त्या वापरूनही वाजवून पाहावे. शेवटचा खालचा 'डी फ्लॅट' विरत जातो, तेव्हा फुंक मंदावताच स्वर उतरू लागतो. ओठांनी फुंकेची दिशा किंचित वर उचलून तो सावरावा लागतो. त्यासाठी थोडा दम शिल्लक हवा. लयीचेही तसेच. मोकळेपणाच्या नावाखाली लांब स्वर दर महिन्याला थोडे अधिक लांबतात. देब्युसींनी मात्रा नेमक्या लिहिल्या आहेत. अधूनमधून मेट्रोनोम लावला, की आपण किती वाहवलो ते कळते.

बाख यांच्या ए मायनर पार्टीटातील 'आलमांद'ही कित्येक जण तयार ठेवतात. पण तिच्यात श्वासाला उसंत जवळजवळ नाहीच, आणि चार दिवसांचा खंड पडला तरी तो ऐकू येतो. चाचणीसाठी ती उत्तम. श्रोत्यांच्या आग्रहाखातर वाजवायचे असेल, तर त्याच पार्टीटातील संथ 'साराबांद' अधिक शोभते.