‘तिथे लायसन कोणी विचारत नाही!’

थायलंड, बाली किंवा व्हिएतनामला निघालेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. सिम कार्ड कुठलं घ्यायचं, पैसे कुठे बदलायचे हे सांगून झालं की पुढचं वाक्य येतं: ‘स्कूटर घे भाड्याने. दिवसाला दोन-तीनशे बाथ. लायसन वगैरे कोणी विचारत नाही.’ नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसातून सूट दिली, तेव्हापासून तर हे वाक्य घरोघरी पोचलं आहे. सांगणारा खोटं बोलत नसतो, हीच पंचाईत. फुकेत किंवा चिआंग मायच्या बऱ्याच दुकानांत खरोखरच लायसन विचारत नाहीत. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. गाडी दिली म्हणजे चालवायला हरकत नाही, आणि असलीच तर फार तर पाचशे बाथची पावती फाटेल, असं लोक धरून चालतात. या समजुतीवर भरवसा ठेवून माणसं परक्या देशात, परक्या रस्त्यावर, कसलंही संरक्षण नसताना गाडी हाकतात, आणि संरक्षण नाही हे त्यांना इस्पितळाच्या काउंटरवर कळतं.

दुकानदारापासून सुरुवात करू. तो गाडीचा मालक आहे, त्यामुळे ती वापरायला देणं त्याच्या हातात आहे. रस्त्यावर चालवण्याचा अधिकार देणं नाही. तो लायसन विचारत नाही याचं कारण त्याचा गल्ला आहे. विचारलं तर निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जातील. शिवाय त्याने स्वतःपुरती सोय केलेली असते. सही करायला जो एक कागद पुढे येतो त्यात गाडी मोडली, चोरीला गेली तर भरपाई तुमची, असं लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा ‘माझ्याकडे वैध लायसन आहे’ असं तुमच्याच तोंडून वदवून घेतलेलं असतं. आपल्याकडे ही सवय लागते ती गोव्यात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली स्कूटर घ्यायची आणि निघायचं. पण तिथे खिशातलं महाराष्ट्राचं लायसन देशभर चालतं, म्हणून ते चालून जातं. देशाची हद्द ओलांडली की तेच कार्ड बहुतेक ठिकाणी एकट्याने पुरेसं नसतं.

आता दंडाचं पाहू, कारण सगळा गोंधळ त्यातूनच होतो. थायलंडच्या मोटार वाहन कायद्यात विनालायसन गाडी चालवण्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा एक हजार बाथपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. प्रत्यक्षात नाक्यावर काही शे बाथ भरून माणूस सुटतो. रक्कम इतकी किरकोळ की गुन्हाही किरकोळच असणार असं वाटू लागतं. वर पुन्हा अशीही दंतकथा आहे की एकदा पावती फाडली की पुढचे दोन-तीन दिवस ती दाखवून फिरता येतं. नाक्यावरचा हवालदार पावती पाहून सोडेलही. पण पावती हा तुम्ही विनालायसन गाडी चालवत होता याचा लेखी, तारीख घातलेला पुरावा आहे. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने कागद मागितले, तर हाच कागद सगळ्यांत आधी बाहेर येईल. लायसनचा खरा संबंध पोलिसांपेक्षा विम्याशी आणि अपघातानंतरच्या जबाबदारीशी आहे. नाक्यावरचा दंड हा त्यातला सगळ्यांत स्वस्त भाग.

‘पण गाडीला इन्शुरन्स असतोच की!’ असतो. थायलंडमध्ये १९९२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक वाहनाला सक्तीचा विमा लागतो आणि दुकानदार तोच दाखवतो. त्यात काय मिळतं ते मात्र कोणी विचारत नाही. चूक कोणाची हे न पाहता मिळणारी प्राथमिक मदत उपचारांसाठी जास्तीत जास्त ३०,००० बाथ असते. ज्याची चूक नाही त्याला उपचारांसाठी ८०,००० बाथपर्यंत आणि मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी ५ लाख बाथपर्यंत भरपाई मिळू शकते. चूक चालवणाऱ्याची असेल तर त्याची स्वतःची बोळवण त्या प्राथमिक रकमेवर होते. मांडीचं हाड मोडून खासगी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली तर ३०,००० बाथ कुठे जातात ते कळतही नाही. समोरच्याचं नुकसान विम्याच्या मर्यादेपलीकडे गेलं तर उरलेली रक्कम चालवणाऱ्याच्या डोक्यावर. भाड्याच्या गाडीचं झालेलं नुकसान तर या सक्तीच्या विम्यात धरलेलंच नाही. ते दुकानदार सांगेल त्या भावाने, आणि बहुधा त्याच्याच ओळखीच्या गॅरेजमध्ये.

मग उरते आपण इथून काढून नेलेली ट्रॅव्हल पॉलिसी. ती घेताना लोक वरचा आकडा पाहतात, ५० हजार डॉलर की एक लाख डॉलर. पाहायला हवं ते काय-काय वगळलंय याचं पान. दुचाकी चालवताना वैध लायसन नसेल, हेल्मेट नसेल किंवा स्थानिक कायदा मोडला असेल तर भरपाई मिळणार नाही, अशा अर्थाची अट जगभरच्या प्रवास विम्यात सर्रास आढळते. काही पॉलिसी दुचाकी अपघातच वगळतात, काही ठरावीक सीसीच्या पुढची गाडी चालत नाही म्हणतात. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनची सरकारं आपल्या नागरिकांना थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियाविषयी ज्या प्रवाससूचना देतात त्यात दुचाकी आणि विमा यांचा इशारा वेगळा काढून दिलेला असतो, तो उगाच नाही. विमा कंपनी लबाडी करते असं म्हणणं इथे सोपं आहे, पण लागू पडत नाही. अट छापलेली होती, तुम्ही ती मान्य केली होती.

इथे कायद्याची थोडी माहिती असलेला एखादा म्हणेल की भारतात तर लायसन नसलं तरी विमा कंपनीला पैसे द्यावे लागतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरन सिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालकाकडे लायसन नव्हतं एवढ्यावरून कंपनीची सुटका होत नाही. जाणूनबुजून अटीचा भंग झाल्याचं कंपनीने सिद्ध करायला हवं, आणि योग्य प्रकरणात आधी पीडिताला पैसे देऊन नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करता येतात. हे कवच रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी आहे. गाडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या मोडलेल्या हाडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि हा आपल्या देशातला, आपल्या कायद्यावरचा निकाल. तो बँकॉकच्या इस्पितळात दाखवून उपयोग काय?

बरं, लायसन आहे म्हणजे काय, हाही प्रश्न देशागणिक बदलतो. रस्ते वाहतुकीचे दोन मोठे आंतरराष्ट्रीय करार आहेत, एक जिनिव्हाचा १९४९ चा आणि दुसरा व्हिएन्नाचा १९६८ चा. भारत पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेत आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचा नमुना देशभर एकसारखा केला, तो १९४९ च्या कराराला धरूनच. थायलंड त्या करारात आहे, त्यामुळे आरटीओतून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि सोबत मूळ लायसन असेल, आणि त्यावर दुचाकीचा वर्ग असेल, तर तिथे चालवणं कायदेशीर होतं. जपान तर फक्त १९४९ चाच परवाना मानतो. व्हिएतनामचं उलटं. तो देश २०१४ मध्ये १९६८ च्या करारात आला आणि त्याच करारातल्या देशांचे परवाने मानतो. म्हणजे आरटीओत रीतसर पैसे भरून, शिक्क्यासकट परवाना घेऊन हनोईला उतरलेला पुणेकर तिथे पन्नास सीसीपुढच्या स्कूटरवर बसला की कायद्याच्या दृष्टीने विनालायसनच. अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन पर्यटकांची गतही तीच आहे, एवढाच काय तो दिलासा.

व्हिएतनामवर जरा थांबायला हवं, कारण तिथल्या ‘हा जांग’ या डोंगराळ भागातल्या रस्त्यांचे व्हिडिओ पाहून हल्ली पुष्कळ मराठी मंडळी तिकडे जातात आणि ‘तिथे सगळे चालवतात’ हे वाक्य तिथे सगळ्यांत महागात पडू शकतं. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या १६८ क्रमांकाच्या आदेशाने १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकीवर विनालायसन पकडल्यास २० ते ४० लाख डाँग आणि त्यापुढच्या गाडीला ६० ते ८० लाख डाँग दंड ठेवला आहे. तरी दंडाची गोष्ट सोडून देऊ. त्या देशाच्या दंडसंहितेच्या २६० व्या कलमानुसार वाहतूक नियम मोडून कोणाचा जीव गेला तर एक ते पाच वर्षं कैद होऊ शकते. चालकाकडे विहित लायसन नसेल तर तोच गुन्हा वरच्या पायरीवर जातो आणि शिक्षा तीन ते दहा वर्षं होते. चूक तीच, रस्ता तोच, फक्त कागद नव्हता म्हणून. आणि आरोपी परदेशी नागरिकाचं देशाबाहेर जाणं थांबवण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे, तेव्हा परतीचं तिकीट खिशात असून चालत नाही. हा जांग पाहायचंच असेल तर स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरायची सोय आहे, ‘ईझी रायडर’ म्हणतात तिला. मित्रांमध्ये फुशारकी मारायला तेवढी कामाची नाही, एवढंच.

सगळ्यांत चिवट आक्षेप कौशल्याचा. ‘अहो, आम्ही पुण्यात गाडी चालवतो, आम्हाला काय सांगता!’ पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याचे हात तयार असतात हे मान्य. पण एक तर विमा कंपनी आणि न्यायालय हात पाहत नाहीत, कागद पाहतात. दुसरं, ज्या रस्त्यांच्या जोरावर ही बढाई मारली जाते तिथे २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, असं आपल्याच मंत्रालयाचा अहवाल सांगतो. तिसरं, थायलंडचे रस्ते गुळगुळीत दिसतात म्हणून सुरक्षित नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात तिथला मृत्युदर लाखामागे ३२.७ होता आणि मृतांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दोन-तीन चाकी वाहनांवरचे होते. त्यानंतर दर खाली आला, तरी तो चढाच आहे. हे मृत बहुतेक थाई लोकच, रोज त्या रस्त्यांवरून जाणारे. पावसात ओल्या झालेल्या घाटवळणावर पहिल्यांदाच गेलेल्या पाहुण्याचा हात त्यांच्याहून सरस कशावरून? व्हिएतनाममध्ये तर वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणजे चौकात नजर आधी कुठे जाते ही वर्षानुवर्षांची सवयच उलटी पडते.

‘इतके लोक जातात, कोणाला काही होत नाही’ यावर एवढंच म्हणता येतं की ज्यांना झालं ते सल्ले देत फिरत नाहीत. सुखरूप परतलेल्याचा अनुभव खरा असतो, पण त्याने परवान्याची गरज खोटी ठरत नाही. त्याला ती गरज पडली नाही, इतकंच सिद्ध होतं.

आता किरकोळ गैरसमज. चारचाकीचं लायसन स्कूटरला चालत नाही. परवान्यावर दुचाकीचा ‘ए’ वर्ग वेगळा लागतो. स्कूटर बिनगिअरची आहे म्हणून ती कायद्याने सायकल होत नाही. ‘आंतरराष्ट्रीय लायसन’ ऑनलाइन विकणाऱ्यांचं चकचकीत कार्ड म्हणजे निव्वळ प्लॅस्टिक. आपल्याकडे तो परवाना आरटीओतूनच मिळतो, फी एक हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि मूळ लायसनशिवाय तो एकटा निरुपयोगी. मोबाइलमधलं डिजिलॉकर भारतापुरतं. मागे बसणाऱ्याने निर्धास्त राहू नये, कारण चालकाकडे लायसन हवं ही अट काही पॉलिसी मागच्यालाही लावतात. हेल्मेटने मान दुखते, हे म्हणणाऱ्यांनी हेल्मेटविषयीच्या संशोधनाचा २००८ चा कॉक्रेन आढावा वाचावा: मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी. ‘एक बिअर चालते’ हेही नाही. थायलंडमध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा एरवी ५० मिलिग्रॅम आहे, पण लायसन नसलेल्याला फक्त २०. व्हिएतनाममध्ये सगळ्यांनाच शून्य.

आणि पासपोर्ट. ‘तिकडे डिपॉझिट म्हणून पासपोर्टच ठेवतात’ हे इतक्या सहज सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला तो नियमच वाटावा. पासपोर्ट तुमच्या मालकीचा नाही. पासपोर्ट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे तो कायम केंद्र सरकारची मालमत्ता असतो, तेव्हा गहाण ठेवायला तो तुमचा नाहीच. शिवाय गाडीवरच्या ओरखड्यावरून वाद झाला तर घासाघीस करायची ताकद दुकानदाराच्या कपाटात जाऊन बसते, आणि इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तर ओळख पटवायला हातात काही उरत नाही. रोख डिपॉझिट आणि पासपोर्टची झेरॉक्स घेणारी दुकानं थोडं फिरलं की सापडतात. लायसन विचारणारं एखादं दुकानही त्यांतच सापडेल.