कॅनॉल नसलेले कॅनॉल रोड

काही वर्षांपूर्वी माझे मामा इंदापूर तालुक्यातून पहिल्यांदाच आमच्या नव्या घरी यायला निघाले. पत्ता मी फोनवर सांगितला होता : कॅनॉल रोड, कर्वेनगर. मामांनी त्यातले पहिले दोन शब्द तेवढे लक्षात ठेवले. स्वारगेटला एसटीतून उतरले, रिक्षावाल्याला म्हणाले, कॅनॉल रोडला घ्या. तो म्हणाला, "कुठला कॅनॉल रोड, काका?" मामांना हा प्रश्नच समजला नाही. ते म्हणाले, "ज्यात पाणी असतंय, त्यो." रिक्षावाल्याने त्यांना पर्वतीच्या पायथ्याशी, वाहत्या कालव्याच्या काठावर नेऊन सोडले. तिथून त्यांचा फोन आला. "अगं, मी क्यानॉलवर उभा हाय. तुझं घर कुठाय?"

मी आणायला गेले तेव्हा मामा काठावर निवांत बसून पाणी बघत होते. रागावले अजिबात नव्हते. राग आला तो घरी पोचल्यावर. आमच्या दारातला रस्ता त्यांनी दोन्हीकडे मान वळवून पाहिला आणि विचारले, "आणि क्यानॉल?" मी म्हणाले, इथे नाही. "मग नाव कशाला लावलंय?"

त्या प्रश्नाचे धड उत्तर मला देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

पुण्यात कॅनॉल रोड एक नाही. वारज्यात आहे, कर्वेनगरात आहे, एरंडवण्यात लॉ कॉलेज रस्ता आणि प्रभात रस्त्याच्या परिसरात आहे, मॉडेल कॉलनीत आहे. नदीच्या दुसऱ्या अंगाला धायरी, हिंगणे, पर्वती, वानवडी, हडपसर अशी वेगळीच माळ आहे. कुरियरवाले या नावाला वैतागतात. एकाच शहरात एकाच नावाचे इतके रस्ते म्हणजे गलथानपणा, असे मलाही वाटायचे. पण हे रस्ते नकाशावर एकापुढे एक ठेवून पाहिले की लक्षात येते, हे अनेक रस्ते नाहीतच. हे दोन रस्ते आहेत, तुकडे झालेले. एक मुठेच्या डाव्या तीरावरचा आणि एक उजव्या.

(डावा-उजवा हे नदीच्या प्रवाहाकडे तोंड करून ठरते. खडकवासल्याला धरणाकडे पाठ करून उभे राहिलात, तर डाव्या हाताला कोथरूड-कर्वेनगर आणि उजव्या हाताला सिंहगड रस्ता.)

खडकवासल्याचे धरण १८६०च्या दशकाअखेर बांधायला घेतले आणि १८७९च्या सुमारास पुरे झाले. योजना कर्नल फाईफ या लष्करी अभियंत्याची. म्हणून धरणामागच्या जलाशयाला बरीच वर्षे 'लेक फाईफ' म्हणत. हेतू दोन होते. पुण्याच्या पूर्वेचा अवर्षणाचा मुलूख भिजवणे, आणि पुणे शहर व लष्करी छावण्यांना पाणी देणे. धरणातून दोन कालवे निघाले. उजवा सुमारे ७० मैलांचा, म्हणजे ११२ किलोमीटरांच्या आसपास, हडपसर-लोणीवरून पाटसच्या दिशेने जाणारा. डावा अवघा १८ मैलांचा, गणेशखिंड-खडकीकडे जाणारा. धाकट्या भावंडासारखा हा डावा कालवा. आमचा रस्ता त्याचा.

शहर वाढत गेले, पाणी नळातून येऊ लागले, डाव्या कालव्याखालची शेती प्लॉटांत गेली आणि कालव्याचे काम संपले. तो कोरडा पडला, ठिकठिकाणी बुजला, काही ठिकाणी त्याच्यावर डांबर आले. नाव तेवढे उरले. उजवा कालवा मात्र आजही वाहतो. पुढच्या काळात तो मोठा करून, लांबवून इंदापुरापर्यंत नेला. मामांच्या उसाला पाणी येते ते त्याचे.

रस्त्याला कालव्याचे नाव का पडले, हे सोपे आहे. प्रत्येक कालव्याच्या काठाने देखरेखीचा एक कच्चा रस्ता असतो. साहेब घोड्यावरून, पुढे सायकलवरून आणि जीपमधून त्यावर फिरे. पाटकरी पायी फिरे. आसपास वस्ती झाली तेव्हा लोकांना आयता मिळालेला रस्ता तोच. कोणी समिती बसवून हे नाव दिलेले नाही. म्हणून तर ते पाच-सहा ठिकाणी एकच पडले.

नाव इंग्रजी का, हा प्रश्न जरा अधिक मजेचा आहे. मराठीला या वस्तूसाठी शब्दांची कधीच वाण नव्हती. आपला घरचा शब्द 'पाट'. त्याच्यापासून पाटाचे पाणी, पाटकरी आणि सरकारचे पाटबंधारे खाते. 'कालवा' हा कानडीतल्या 'कालुवे'चा आणि तेलुगूतल्या 'कालुवा'चा सख्खा शेजारी. (माझ्या कोकणातल्या मैत्रिणीला 'कालव्याचा रस्ता' म्हटले की ओहोटीच्या वेळी खडकावरून काढायची कालवं आठवतात.) 'नहर' अरबीतून आला आणि मराठवाड्यात रुजला. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत, म्हणजे तेव्हाच्या खडकीत, जमिनीखालून पाणी आणले. त्या योजनेला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. एवढे शब्द हाताशी असताना पुण्याने 'कॅनॉल' उचलला, कारण ही वस्तू एका खात्यातून आली होती आणि त्या खात्याचे कागद इंग्रजीत होते. शेतकऱ्याने तो शब्द घासून 'क्यानॉल' केला आणि आपलासा करून टाकला.

त्या खात्याविषयी शेतकऱ्याचे मत काय होते, हे पाहायचे असेल तर जोतीराव फुल्यांचा १८८३चा 'शेतकऱ्याचा असूड' उघडावा. फुल्यांची स्वतःची शेती मांजरीला होती, म्हणजे उजव्या कालव्याच्याच मुलखात. पाण्याची पट्टी भरूनही पाणी वेळेवर पोचत नाही आणि अधिकाऱ्याला त्याची फिकीर नसते, ही तक्रार कालवा सुरू होऊन फार वर्षे झाली नाहीत तोच तिथे नोंदली गेली आहे. मामांना मी हे सांगितले तर ते म्हणाले, "मग आता काय निराळं हाय?"

ब्रिटिशांच्या आधी पुण्याला कालवा नव्हता असे नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून गावात पाणी आणले गेले. पण त्याच्या नावाचा एकही रस्ता नाही. ती वाहिनी जमिनीखालून येत होती. लोकांना पाण्याची वाट दिसतच नव्हती. पाणी दिसे ते जिथे ते बाहेर येई तिथे, म्हणजे हौदावर. म्हणून पेशवाई पाण्याने पुण्याला जी नावे दिली ती हौदांची : फडके हौद, बदामी हौद, पंचहौद. त्यातल्या पंचहौदाचे नाव पुढे मिशनला लागले, आणि १८९०मध्ये तिथे घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांसकट अनेकांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. अशा रीतीने ते नाव महाराष्ट्राच्या इतिहासात जाऊन बसले. इंग्रजी पाणी उघड्यावरून आले, म्हणून त्याने वाटेला नाव दिले. जिथे पाणी मिळते त्या जागेचे नाव आणि जिथून ते नुसते जाते त्या वाटेचे नाव, यांत मला बराच फरक वाटतो. हौदावर आपण घागर घेऊन जातो. कालव्याचे पाणी मात्र बहुधा दुसऱ्या कोणाचे असते.

नगर जिल्ह्यात ही नावे आणखी कोरडी आहेत. तिथे कालव्याच्या उपफाट्याला 'चारी' म्हणतात, चाऱ्यांना क्रमांक असतात, आणि लोक त्या क्रमांकांवरच राहतात. राहात्याकडे 'पंधरा चारी' हा सरळ पत्ता आहे. खात्याच्या रजिस्टरातला आकडा गावाचे नाव होऊन बसला.

आता मामांच्या प्रश्नाकडे. कालवा गेला तरी नाव कशाला? जगात आमच्यासारखे इतरही आहेत. न्यूयॉर्कच्या कॅनॉल स्ट्रीटखाली एका घाण झालेल्या तळ्याचे पाणी वाहून नेणारा खरोखरचा चर होता. १८१९च्या सुमारास तो झाकला आणि वर रस्ता आला. न्यू ऑर्लिन्सचा कॅनॉल स्ट्रीट त्याहून नामी. तिथे कालवा खणायचे ठरले, जागा राखून ठेवली, आणि कालवा कधी झालाच नाही. रस्ता मात्र अवाढव्य रुंद राहिला आणि न झालेल्या कालव्याचे नाव आजतागायत लावतो. त्या मानाने आमच्या रस्त्याची बाजू पुष्कळ खरी आहे.

आणि आमच्या रस्त्यापाशी पुरावाही आहे. तो मला मामांनीच दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "क्यानॉल हितं हुता, बरोबर हाय. रस्त्याला चढ न्हाई." मी वर्षानुवर्षे त्या रस्त्याने चालत होते, पण हे मला कधी दिसले नव्हते. टेकडीच्या उतारावर वसलेल्या वस्तीत बाकीच्या गल्ल्या एक तर वर चढतात किंवा नदीकडे उतरतात. कॅनॉल रोड दोन्ही करत नाही. तो वळणे घेत, टेकडीच्या अंगाला धरून, सपाट चालतो. कालव्याला तसेच जावे लागते. पाणी पंपाशिवाय पुढे सरकायचे तर उतार हवा, पण तो इतका नाममात्र की उंची वाया जाऊ नये. म्हणून कालवा सरळ रेघेत न जाता एकाच उंचीच्या रेघेवरून, प्रत्येक उंचवट्याला वळसा घालत जातो. एरंडवण्यातला तुकडा आणि मॉडेल कॉलनीतला तुकडा एकमेकांपासून तुटलेले दिसतात. पण मध्ये हनुमान टेकडीचा पायथा धरला की ते जोडले जातात.

याच रेघेने आणखी एक गोष्ट ठरत होती. कालवा आपल्यापेक्षा खालच्या जमिनीलाच पाणी देऊ शकतो. त्यामुळे कालवा आणि नदी यांच्यामधले रान बागायत, आणि कालव्याच्या वरचे, हातभर अंतरावरचे का असेना, जिरायत. आज ज्याला आपण रस्त्याची वरची बाजू आणि खालची बाजू म्हणतो, ती एके काळी दोन शेतकऱ्यांच्या नशिबांमधली हद्द होती. आमची सोसायटी वरच्या बाजूला आहे. मामा म्हणाले, "म्हंजे तू कोरडवाहू."

पुण्यात नावे बदलण्याची हौस मोठी आहे, आणि एका नावाचे अनेक रस्ते नकोत ही मागणी अधूनमधून कानावर येते. एकेका तुकड्याला एकेका थोर पुरुषाचे नाव द्यायला कोणाचीच हरकत असणार नाही. लोक ते नाव वापरतीलच असेही नाही. बंडगार्डनच्या पाटीवर महात्मा गांधी उद्यान लिहून किती वर्षे झाली, पण रिक्षावाल्याला आपण बंडगार्डनच सांगतो, आणि त्या 'बंड'मध्ये मुळामुठेवरचा बंधारा टिकून आहे. तरीही माझी धास्ती निराळी आहे. डाव्या कालव्याचा भराव, मोऱ्या, मैलांचे दगड बहुतेक दिसेनासे झाले आहेत. ही पाच-सहा सारखी नावे एवढाच त्याचा सलग नकाशा आहे. एक मणी बदलला की माळ ओळखू येणार नाही.

उजव्या कालव्याच्या बाबतीत तर नाव हा इशाराही असतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरातल्या शेकडो घरांत पाणी शिरले. १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर आठवणारी माणसे त्या दिवशी पुन्हा तीच भाषा बोलत होती. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, असे तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी सांगितले, आणि त्यावर महाराष्ट्र बरेच दिवस हसला. हसण्यात एक साधी गोष्ट निसटली. कालव्याच्या खालच्या अंगाला राहणारा माणूस पाण्याच्या पातळीच्या खाली राहत असतो. मामांच्या हिशेबात ती बाजू भाग्याची, भिजणारी. शहरात तीच बाजू धोक्याची झाली.

आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा काढून कालव्याचे पाणी शहराखालून नेण्याची योजना आहे. गळती, चोरी आणि बाष्पीभवन त्याने कमी होईल, हे पटण्यासारखे आहे. मामांनाही पटते; शेवटच्या टोकाला राहणाऱ्याला थेंबाची किंमत कळते. ते झाले की पर्वती, हडपसरचे कॅनॉल रोडही आमच्या पंगतीला येऊन बसतील, आणि पुण्याचे पाणी कात्रजच्या नळासारखे पुन्हा जमिनीखाली जाईल. तेव्हा स्वारगेटला उतरणाऱ्या माणसाला, पाणी असलेला कॅनॉल रोड कुठला, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तोवर मला एक काम लागले आहे. आवर्तन सुटायच्या दिवसांत मामांचा फोन येतो. खडकवासल्याहून सुटलेले पाणी टोकाला पोचायला दिवस लागतात, आणि वर्तमानपत्रातल्या बातमीवर त्यांचा विश्वास नाही. "सुटलं का गं?" एवढेच ते विचारतात. मी दुचाकी काढते, आमच्या कोरड्या कॅनॉल रोडवरून नदी ओलांडून पर्वतीकडच्या कॅनॉल रोडवर जाते, काठाशी उभी राहते आणि त्यांना सांगते, सुटलंय, दोन हात पाणी आहे, गढूळ आहे. ते म्हणतात, "गढूळ हाय ना? मग नवंच हाय," आणि फोन ठेवून दारं धरायच्या तयारीला लागतात.