काल्हेरच्या हळदीत टिकणारं मऊ आयलायनर, आणि त्याचा हिशोब

आयलायनरचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणींनी हात बसवायला घेतलाय, हे मला दुकानाच्या काउंटरवरच कळतं. अँगल ब्रश मागायला येणाऱ्या वाढल्यात. पण व्हिडिओत फक्त हात दिसतो. हात तसा का फिरला, कुणाच्या डोळ्यावर फिरवायचा नाही आणि त्याचे पैसे किती घ्यायचे, हे व्हिडिओत बसत नाही. म्हणून आज लिहून देतेय. निवांत वाचा, शेवटी थोडं गणितही आहे.

आधी गिऱ्हाईक कोण, ते ठरवू. मेकअपचा व्यवसाय म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नवरी येते. नवरीचं काम पहिल्या वर्षी मिळणं कठीण, आणि मिळालं तरी लगेच घेऊ नका असंच मी सांगेन. त्या एका दिवसाचे फोटो घरात तीस वर्षं लागतात. तुमचं खरं गिऱ्हाईक तिच्या आजूबाजूला बसलेलं असतं : नवरीची आई, मावशी, आत्या, दोन काकू, तीन करवल्या. आपल्या काल्हेर-कशेळी-पूर्णा पट्ट्यात आगरी-कोळी घरातली हळद म्हणजे काय असतं, हे वेगळं सांगायला नको. धवलारणीचे धवले झाले की मांडवात नाच सुरू होतो, तो रात्री उशिरापर्यंत. घाम, हळद, हॅलोजनचा प्रकाश आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइलचा कॅमेरा. नवरीसाठी मेकअपवाली ठरलेली असते. काकूंसाठी कोणी नसतं. काकू स्वतःच काजळ ओढतात आणि रात्री दहापर्यंत ते गालावर आलेलं असतं.

या काकूंना पातळ लिक्विड लायनर लावून बघा. पंचेचाळिशीनंतर पापणीची कातडी सैल होते, तिच्यावर बारीक सुरकुत्या येतात. लिक्विडची रेघ त्या सुरकुत्यांवर अडखळते, मधेच तुटते. ती सरळ करायला तुम्ही दुसरा हात मारता, मग तिसरा, आणि रेघ जाड होत जाते. जाड काळी रेघ छोट्या डोळ्याला आणखी छोटा करते. ब्रशने दाबून लावलेल्या सावलीला कडाच नसते, त्यामुळे ती वाकडी दिसत नाही. नवशिक्या हातासाठी हा मोठा आधार आहे. लिक्विड लायनरला सफाई यायला महिने जातात. मऊ लायनर रोज सराव केला तर साधारण पंधरा दिवसांत दाखवण्याजोगं जमतं, असा माझ्या बॅचेसचा अनुभव आहे.

सामान फार नाही. एक अँगल ब्रश, म्हणजे तिरका कापलेला, पातळ आणि जरा ताठ केसांचा. फुगीर, मऊ केसांचा घेतलात तर रंग पापणीभर पसरेल. दुसरा छोटा, गोलसर टोकाचा स्मज ब्रश. गडद तपकिरी मॅट आयशॅडो, आणि एक कोळशासारखा करडा. चमकी नको, सुरकुत्यांत चमकी बसली की वय पाच वर्षांनी वाढतं. काळा रंग ठेवा, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर गडद तपकिरी जास्त शोभतो. दिसताना डोळा भरलेला दिसतो, ‘लायनर लावलंय’ असं दिसत नाही. काकूंना तेच हवं असतं. ‘जास्त नको गं, घरचे हसतील’ हे वाक्य तुम्हाला दर तिसऱ्या गिऱ्हाइकाकडून ऐकायला मिळेल.

आता हात. पापणी तेलकट असेल तर काहीही टिकणार नाही. टिश्यू हलका टेकवून तेल टिपा, अगदी थोडा कन्सीलर किंवा प्रायमर बोटाने थोपटा, त्यावर बिनरंगी पावडर. उन्हाळ्यात ही पायरी वगळणारी मुलगी दुसऱ्यांदा बोलावली जात नाही.

ब्रशचं टोक शॅडोत बुडवा आणि हाताच्या मागच्या बाजूवर, किंवा टिश्यूवर, एकदा झटका. जास्तीची पावडर तिथे पडू दे, गालावर नको. समोरच्या बाईला सांगा, ‘काकू, खाली बघा, डोळे घट्ट मिटू नका.’ घट्ट मिटले की पापणीला घड्या पडतात. तुमची करंगळी तिच्या गालाच्या हाडावर टेकवा, मधे पावडर पफ ठेवून. हात हवेत असेल तर तो थरथरणारच, त्यात तुमचा दोष नाही.

सुरुवात बाहेरच्या कोपऱ्याकडून. रेघ ओढायची नाही. ब्रशची कड पापणीच्या केसांच्या मुळाशी टेकवायची, दाबायची, उचलायची. पुन्हा शेजारी टेकवायची. शिक्का मारतो तसं. बाहेरच्या एक तृतीयांश भागात रंग सगळ्यात दाट, मधे कमी, आणि नाकाकडच्या कोपऱ्याला ब्रशवर जे काही उरलंय तेवढंच. नाकाजवळ गडद केलंत तर डोळे एकमेकांजवळ ओढल्यासारखे दिसतात. मग रिकाम्या स्मज ब्रशने फक्त वरची कड आडव्या, अगदी छोट्या हालचालींनी पुसट करा. मुळाशी गडद, वर जाताना विरत गेलेलं. बस, एवढंच ते मऊ लायनर.

जास्त टिकाऊ हवं असेल तर पहिला थर ओल्या ब्रशने द्या. ब्रशवर सेटिंग स्प्रेचा एक फवारा, मग शॅडो, दाबून लावणं. वाळल्यावर त्याच रंगाची कोरडी पावडर वरून. हळदीच्या कार्यक्रमासाठी मी हेच सुचवते. ज्यांना काजळाशिवाय चालतच नाही त्यांनाही हाच उपाय : पेन्सिल खालच्या पापणीच्या केसांना बाहेरून लावा, आत नको, आणि लगेच त्यावर तपकिरी शॅडो दाबा. काजळात तेल-मेण असतं, ते उष्णतेने सैल होऊन खाली उतरतं. पावडर त्याला धरून ठेवते.

डोळ्यांचे प्रकार पुस्तकात बारा असतात. तुम्हाला दोन पुरेत. पहिला, पापणी वरून झुकलेली, डोळा उघडला की लायनर गायब होणारा. तिथे डोळा उघडा ठेवून, समोर बघायला सांगून, बाहेरच्या कोपऱ्यावर आधी एक ठिपका करा आणि त्या ठिपक्यापर्यंतच जा. मिटलेल्या डोळ्यावर सुंदर दिसणारा कोन उघड्या डोळ्यावर बहुतेक वेळा खाली पडलेला असतो. दुसरा, बाहेरचा कोपराच खाली उतरलेला. तिथे पापणी संपण्याच्या किंचित आधी थांबा आणि ब्रश भुवईच्या टोकाच्या दिशेने वळवा. बाकी सगळे डोळे नेहमीच्या पद्धतीने जमतात.

उजेडाबद्दल एकच सांगते. खिडकीसमोर तोंड करून बसवा, खिडकीकडे पाठ करून नाही. रात्र असेल तर पांढरा एलईडी समोरून. पिवळ्या बल्बखाली तपकिरी रंग कमी वाटतो, तुम्ही वाढवत जाता आणि बाहेर फोटोत तो मारल्यासारखा काळानिळा येतो.

आतल्या कडेला, म्हणजे वॉटरलाइनला, काजळ का नको, याचं कारण नीट समजून घ्या. गिऱ्हाईक विचारणार आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१५ मध्ये संशोधकांनी पेन्सिल लायनर पापणीच्या केसांच्या बाहेर आणि आत लावून तुलना केली. आत लावलेल्याचे कण डोळ्यातल्या पाण्यात जास्त आणि लवकर उतरले. त्या आतल्या कडेवरच डोळा ओला ठेवणाऱ्या तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात. लेन्स लावणाऱ्यांना याचा त्रास आधी जाणवतो. त्यांना लेन्स मेकअपच्या आधी घालायला सांगा, आणि काढायचीही मेकअप पुसण्याआधीच.

आजी म्हणेल, आमच्या वेळी तुपाच्या दिव्यावर ताट धरून काजळ करायचो, काही झालं नाही. आजीशी वाद घालू नका, पण ते काजळ गिऱ्हाइकाला लावूही नका. आणि रस्त्यावर सुटा मिळणारा सुरमा तर नाहीच. पारंपरिक सुरम्यात शिशाचा खनिज दगड वापरला जायचा. प्राचीन इजिप्तमध्येही डोळ्यांना तोच लागत होता. आपल्याकडे रंगासाठी शिशाची संयुगं वापरलेलं सौंदर्यप्रसाधन बनवायलाच कायद्याने बंदी आहे. डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि वापराची मुदत नसेल, तर माल कितीही स्वस्त असो, घेऊ नका. भिवंडी परिसरात गोदामं भरपूर, त्यामुळे ‘लॉटचा माल’ घेऊन फिरणारेही भरपूर. पन्नास रुपयांत नामांकित कंपनीचं काजळ कोणी देत असेल तर ते का देतोय, हा प्रश्न बीबीए न करताही विचारता येतो. उघड्या डबीच्या चित्रात ‘६ एम’ किंवा ‘१२ एम’ छापलेलं असतं, ते उघडल्यानंतरचे महिने. उघडलेल्या दिवसाची तारीख पेनाने डबीच्या तळाला लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्वच्छता. एका ब्रशने एकच माणूस. दुसऱ्या डोळ्यांसाठी दुसरा ब्रश. जेल लायनरच्या डबीत ब्रश थेट बुडवायचा नाही; स्टीलच्या पट्टीवर थोडं काढून घ्यायचं. पेन्सिल प्रत्येक माणसाआधी छिलायची. घरी आल्यावर ब्रश बेबी शॅम्पूने धुवायचे, पाणी केसांकडून खाली निथळेल असे आडवे किंवा उलटे वाळवायचे. उभे ठेवलेत तर पाणी दांड्यात जातं आणि केस गळायला लागतात. वाळल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा, आणि तो पूर्ण उडेपर्यंत वापर बंद.

आणि डोळे आलेले असतील तर? लाल, चिकट, पाणी येतंय. अशा डोळ्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात हा प्रसंग येतोच. घरभर पाहुणे, काकू नटायला बसलेल्या, आणि तुम्ही नाही म्हणताय. अवघड जातं, मान्य. ‘काकू, डोळा सोडून बाकी सगळं करते, भुवया आणि ओठ छान उठवते, डोळ्याचे पैसे धरत नाही,’ असं आधीच तोंडपाठ करून ठेवा. त्या क्षणी शब्द सुचत नाहीत. तुमच्यामुळे त्याच घरातल्या आणखी चार जणींचे डोळे आले, तर त्या गावात पुढची हळद तुम्हाला मिळणार नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्यापासून तासाभरावर, मुंबईच्या सिनेमासृष्टीत, बायकांनी मेकअप आर्टिस्ट म्हणून काम करायला संघटनेची मनाई होती. बाईला हेअर ड्रेसरचं कार्ड मिळायचं, मेकअपचं नाही. अनेक दशकं असं चाललं. चारू खुराना आणि इतर काही जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने ही अट रद्द केली. हा इतिहास पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणी तेव्हा शाळा-कॉलेजात होत्या. तेव्हा ‘मेकअप काय, बायकांचं घरचं काम’ असं कोणी म्हणालं, तर हे त्यांना सांगा. पैसा आणि नाव असलेल्या जागी हेच काम बायकांना करू दिलं जात नव्हतं.

बरं, पैसे. समजा एका काकूंचा पूर्ण मेकअप तुम्ही ५०० रुपयांत घेतला. रिक्षा जाऊन-येऊन १२०, कापूस-टिश्यू-बड्स ४०, प्रॉडक्ट ६०, ब्रशची झीज २०. खर्च २४०, हातात २६०. प्रवास, मेकअप आणि घरी येऊन ब्रश धुणं धरून अडीच तास गेले. ताशी १०४ रुपये झाले.

आता त्याच मांडवात पाच बायकांचे फक्त डोळे करा. माणशी १५०. प्रत्येकीला बारा मिनिटं, म्हणजे एक तास. येणार ७५०. रिक्षा तीच १२०, टिश्यू-बड्स पंधरा रुपयांप्रमाणे ७५, प्रॉडक्ट दहाप्रमाणे ५०, ब्रशची झीज २०. खर्च २६५, हातात ४८५. वेळ तितकाच अडीच तास धरला तरी ताशी १९४. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण वही काढून हे गणित स्वतःच्या हाताने करा. यासाठी पाच अँगल ब्रश लागतील. साधा, बिनब्रँडचा पण ताठ केसांचा ब्रश शंभराच्या आत येतो. पहिल्याच कामात ब्रशचे पैसे निघतात.

उद्यम नोंदणी करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर ते त्याचे कष्टाचे, सरकारी फी नाही. सेवा व्यवसायाला वर्षाला वीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे त्याची भीती आत्ता डोक्यात घेऊ नका.

सरावासाठी पंधरा दिवसांत दहा वेगवेगळे चेहरे गाठा, त्यातले निदान चार पंचेचाळिशीच्या पुढचे. बिल्डिंगमधल्या काकू, सासूबाई, भाजीवाली मावशी, ज्या बसतील त्या. आधी एक डोळा पूर्ण करा आणि दुसरा रिकामा ठेवून, त्यांची परवानगी घेऊन, खिडकीसमोर फोटो काढा. मग दुसरा करा. चार तासांनी पुन्हा एक फोटो, तोही विचारून. लग्नघरातून फोन आला की हे दोन फोटो पाठवायचे, दर त्यानंतर सांगायचा.