नंबर बरोबर, तरी बूट चावतो

“थोडा घट्ट वाटतोय? मग एक नंबर मोठा देतो.” सायकलिंगचे बूट विकणाऱ्या दुकानात हे वाक्य हमखास कानावर पडतं. गिऱ्हाईकही खूश होतं, कारण बोटं लगेच मोकळी होतात. पुढच्या रविवारी घाट चढताना मात्र टाच बुटातून वर सरकू लागते, तासाभरानं चवड्याची आग होते आणि करंगळीला मुंग्या येतात. बूट लांबीला वाढला; जिथे अडत होतं तिथे फारसं काही बदललंच नाही.

याचं कारण नंबरांच्या हिशोबात आहे. बुटावरचा ४२ किंवा ४३ हा युरोपीय आकडा ‘पॅरिस पॉइंट’मध्ये असतो आणि एक पॅरिस पॉइंट म्हणजे सेंटीमीटरचा दोन तृतीयांश भाग, ६.६७ मिलिमीटर. ४२ नंबर म्हणजे २८ सेंटीमीटर. पण ही लांबी पायाची नव्हे, ज्यावर बूट बेततात त्या साच्याची. त्यात बोटांपुढची मोकळी जागा किती धरायची हे ज्याचं तो उत्पादक ठरवतो, म्हणून एका कंपनीचा ४२ दुसऱ्या कंपनीच्या ४१ इतकाच निघतो. शिवाय एक नंबर वर गेलं की लांबी साडेसहा मिलिमीटरहून जास्त वाढते, पण चवड्याची रुंदी वाढते ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. रुंदीची तक्रार लांबी वाढवून मिटवायला जावं, तर लांबी उगाच गळ्यात पडते.

चालण्याच्या बुटात एवढी चूक खपून जाते. चालताना पाऊल टाचेकडून चवड्याकडे लोळतं, सोल वाकतो, दाब सतत जागा बदलतो. सायकलवर तसं काही होत नाही. मिनिटाला ८५ फेऱ्या धरल्या, तर तासाला ५,१०० वेळा तोच चवडा त्याच जागी पेडल दाबतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले आठ तास पाय फिरत राहिले, तरी फेऱ्यांचा आकडा चाळीस हजारांवर जातो. दुकानात सुसह्य वाटलेला मिलिमीटरभराचा आवळपणा इतक्या फेऱ्यांनंतर पुरता वैरी होतो.

पूर्वीचे सायकलपटू कातड्याचे बूट घालून पाय पेडलवरच्या पट्ट्यांत अडकवत. कातडं हळूहळू पायाचा आकार घ्यायचं. १९८४ मध्ये स्कीइंगच्या बाइंडिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीनं बूट थेट अडकवून घेणारं पेडल आणलं. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो त्यावर तूर द फ्रान्स जिंकला आणि पट्ट्यांचे दिवस भरले. बुटाच्या तळाला पेडलमध्ये अडकणारी खाच, म्हणजे क्लीट आली, तिला धरून ठेवायला सोल कडक झाला, आधी प्लॅस्टिकचा, मग कार्बनचा. वरचा भागही बहुतेक कृत्रिम धाग्याचा झाला. असा बूट ‘वापरून सैल होईल’ हे आश्वासन विक्रेत्यानं देऊ नये आणि गिऱ्हाइकानं ऐकू नये.

कडक सोलचंही जरा जपूनच घ्यावं. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्बन सोलच्या बुटात चवड्याखालचा कमाल दाब प्लॅस्टिक सोलपेक्षा १८ टक्के जास्त भरला. २०१६ मध्ये कोलोरॅडोच्या संशोधकांना ५० ते १५० वॉटच्या निवांत वेगात साध्या पेडलवरचे धावण्याचे बूट आणि क्लीटचे बूट यांत शरीराच्या ऊर्जाखर्चाचा फरक दिसला नाही. जोरात मुसंडी मारायची असेल, तर गोष्ट वेगळी. पण ऑफिसला सायकलनं जाणाऱ्यानं कार्बनसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही.

आता रुंदीकडे. चवड्यातल्या लांब हाडांच्या टोकांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा असतात. बूट दोन्ही बाजूंनी आवळला की ही टोकं जवळ येतात आणि मधल्या नसा चेपतात. तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली नस यात विशेष सापडते. आग आणि बधिरपणा तिथूनच सुरू होतो. गार पाणी ओतून थोडा वेळ बरं वाटतं, पण चेपलेली नस मोकळी व्हायला बुटाचा पट्टाच सैल करावा लागतो.

भारतीय पावलाला हा त्रास जास्त का, याचंही उत्तर मिळतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली, तेव्हा ती युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद आढळली. ‘भा’ नावाच्या स्वतंत्र भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव त्यातूनच पुढे आला. त्याआधी, २००९ मध्ये, बेल्जियन संशोधकांनी भारतात आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यांची पावलं पुढे अधिक पसरट होती आणि तळव्यावरचा दाबही जास्त समान वाटला गेला होता. लहानपण अनवाणी किंवा चपलांत गेलेला असा पाय अरुंद इटालियन साच्यावर बेतलेल्या बुटात घातला की तो चावणारच. म्हणून नंबर वाढवण्याआधी त्याच नंबरात ‘वाइड’ बूट आहे का, हे विचारावं. शिमानोसारख्या कंपन्या काही मॉडेलांत तो देतात. अडचण अशी की आपल्याकडच्या दुकानांत तो क्वचितच पडून असतो, मागवावा लागतो.

आणखी एक माप बहुतेक जण घेतच नाहीत: टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या फुगीर सांध्यापर्यंतचं अंतर. दोन माणसांची पावलं २६ सेंटीमीटरचीच असली, तरी एकाची बोटं लांब आणि कमान आखूड असते, दुसऱ्याचं नेमकं उलटं. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या चार्ल्स ब्रॅनॉकनं बनवलेल्या धातूच्या मापपट्टीवर या सांध्यासाठी म्हणूनच वेगळी सरकपट्टी आहे. सायकलवर तर हे अंतर कळीचं, कारण क्लीट साधारण याच सांध्याच्या आसपास यावी लागते आणि तिला पुढे-मागे सरकवायला सोलवर वाव थोडाच असतो. लांब बुटात पाऊल टाचेला टेकून बसलं की चवडा क्लीटच्या भोकांच्या मागेच राहतो. पेडलचा भार बोटांकडे सरकतो आणि पोटरीवर नाहक ताण येतो.

घरी माप घ्यायला कागद, पेन्सिल आणि भिंत पुरते. संध्याकाळी, पाऊल दिवसभरात थोडं सुजलेलं असताना, सायकलिंगचेच मोजे घालून टाच भिंतीला लावून उभं राहावं. बसून माप घेऊ नये. भार पडला की पाऊल लांबतं आणि पसरतं. सगळ्यात लांब बोट कोणतं ते बघावं, अनेकांचं ते अंगठ्याशेजारचं असतं. दोन्ही पावलं मोजावीत आणि बूट मोठ्या पावलाचा घ्यावा. दुसऱ्या पायात जाड इनसोल घालता येतो.

दुकानात सर्वांत आधी बुटातला इनसोल काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर उभं राहावं. करंगळीची बाजू कडेबाहेर ओघळत असेल, तर तो बूट पायात घालायचीही गरज नाही. घातल्यावर पुढे पाच-सात मिलिमीटर जागा पुरते, धावण्याच्या बुटासारखी अंगठाभर नको. बोटं सरळ राहून हलली पाहिजेत. डायल किंवा पट्टे शेवटपर्यंत आवळूनही पाऊल हलत असेल, तर बूट उंचीला मोठा आहे. चालून बघण्यात अर्थ नाही, कारण कडक सोलमुळे टाच थोडी उचलली जातेच. त्यापेक्षा पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, टाच अधांतरी धरून शरीराचा भार द्यावा, दोनेक मिनिटं तसंच थांबावं आणि मग दुसरा पाय. चवडा कुठे चेपतोय, टाच धरली जातेय का, हे तेवढ्यात कळतं. ही परीक्षा क्लीट बसवण्याआधीच घ्यावी. स्क्रू आवळले की क्लीटचे दात सोलमध्ये रुततात, आणि असे वण पडलेला बूट दुकानदार सहसा बदलून देत नाही.